काठोकाठ पियाला

परदेशी पाहुण्यांशी कसं वागावं हे आमच्या अख्ख्या नुरात्यात फक्त मला कळतं! बाकी सगळा आनंद आहे. मी समरकंदच्या हॉटेलात चार वर्षं बॅगा उचलल्या आहेत. जर्मन, जपानी, फ्रेंच, सगळ्यांची नाडी मला ठाऊक!

म्हणून माझ्या बायकोचं, ओयदिनचं भरतकाम बघायला हॉलंडहून मार्लेनबाई येणार असं ठरलं, तेव्हा मी जाहीर केलं, "पाहुणचार माझ्याकडे. तू मध्ये पडायचं नाहीस!"

तीन वर्षं खपून ओयदिननं एक सुझानी, म्हणजे आमच्याकडची भिंतीवर लावायची भरतकामाची मोठी चादर, भरली होती. बाईंना पसंत पडली तर ती त्यांच्या गावच्या प्रदर्शनात लागणार होती आणि सोबत ओयदिनलाही बोलावणार होते. नुरात्याबाहेर ती जन्मात एकदाच गेली होती, तेही दाढ काढायला.

आमच्याकडे पाहुण्याला दारापासून सगळ्यांत लांबच्या गादीवर बसवतात, रोटी हातानं मोडतात आणि पियाल्यात चहा अर्धाच ओततात. म्हणजे तो पुन्हा पुन्हा भरता येतो आणि पाहुणा रमतो. काठोकाठ भरला, की समजायचं, निघा आता! पण हे त्या परदेशी बापड्यांना काय कळणार? अर्धा पियाला बघून म्हणतील, काय कंजूष लोक आहेत! शिवाय मांडी घातली की त्यांचे गुडघे बोंबलतात. म्हणून मी सगळा बेत त्यांच्या पद्धतीनं आखला.

"अहो, त्यांना एकदा विचारून तर बघा," ओयदिन म्हणाली.

"परदेशी माणसाला विचारायचं नसतं, ओळखायचं असतं!"

बाई आल्या. छातीवर हात ठेवून चक्क उझबेकीत म्हणाल्या, "अस्सलाम आलेकुम, मुहिद्दीन-अका! घरी सगळी मंडळी बरी आहेत ना?"

पोपटपंची! विमानात घोकली असणार. मी रशियनमध्ये, एकेक शब्द सुटा करून ओरडलो, "या! बसा! खुर्ची!"

खुर्ची दाराशीच ठेवली होती, खास वाऱ्यासाठी. बाईंनी पलीकडच्या रिकाम्या गादीकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, आणि गुमान बसल्या. मी सुरी काढून रोटीचे पावासारखे काप केले. त्यांचे डोळे विस्फारले. कौतुक वाटलं असणार! मग मी पियाला काठोकाठ भरून पुढे केला.

बाईंचा चेहरा पडला. उकळता चहा त्यांनी घटाघट संपवला आणि उठल्या.

"छे छे, लाजू नका!" म्हणत मी पुन्हा भरला, अगदी बशीत सांडेपर्यंत. त्या पुन्हा प्यायल्या, पुन्हा उठल्या. मी तिसरा भरला!

आतून ओयदिन धावत आली. "अहो, हे काय चालवलंय?"

"तुला काय कळतं त्यांच्यातलं? जा, सुझानी आण!"

ती सुझानी घेऊन येईपर्यंत बाई डोळे पुसत दाराबाहेर गेल्या होत्या. ओयदिन सुझानी काखेत मारून अनवाणी त्यांच्यामागे पळाली. मी फाटकापर्यंत पोचलो तर कोपऱ्यावर बाई तिला विचारत होत्या, "माझं काही चुकलं का हो? दोन वर्षं तुमची भाषा शिकले, रीतिरिवाज वाचले. तुमच्या यजमानांनी मला दाराशी बसवलं, रोटीला सुरी लावली आणि तीनदा निघा म्हणाले!"

ओयदिननं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी इथे सांगत नाही.

ती बाईंना थेट माहेरी घेऊन गेली. तिथे म्हणे त्या लांबच्या गादीवर मस्त मांडी घालून बसल्या आणि अर्धे अर्धे अकरा पियाले प्यायल्या. मला कुणी बोलावलं नाही.

संध्याकाळी ओयदिन परतली ती उजळलेल्या चेहऱ्यानं. "सुझानी पसंत पडली! नवरोज झाला की मी हॉलंडला जाणार!"

"वा! मग मीही येतो," मी म्हटलं. "तिकडच्या लोकांशी बोलायला कुणी जाणकार नको का सोबत?"

ती आत गेली, चहा घेऊन आली आणि माझ्यापुढे पियाला ठेवला.

काठोकाठ!

मी मुकाट्यानं टोपी शोधायला लागलो.