साळूबाईचं 'नवीन' बीळ

एका जंगलात, मुलांनो, बिळं थोडी आणि बिनबिळाचे प्राणी फार, अशी अवस्था होती. म्हणून सिंहमहाराजांनी बीळवाटप खातं काढलं. खातं काढलं की टंचाई संपते, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. हसू नका. मोठेपणी तुम्हीही असंच काहीतरी काढणार आहात.

खात्यात सगळं शिस्तीत चाले. वाटप झालं की वानर बिळाच्या तोंडाशी डिंकानं पळसाचं पान चिकटवी. पान म्हणजे 'नवीन'. पान दिसलं की रानडुक्कर आत शिरे आणि आधीच्या बिऱ्हाडाचं उरलंसुरलं बाहेर फेके. कारण पूर्वी एकदा सशाच्या पोरांना नव्या घरात कोल्ह्यानं टाकलेली हाडं सापडली होती, आणि ती त्यांच्याच मामाची निघाली. नियम शहाणपणाचाच होता.

पान चिकटवायला वानर होता, साफ करायला डुक्कर होतं. साफ झाल्यावर पान काढायला मात्र कोणीच नव्हतं.

साळूबाई जातीनं साळिंदर. पदरात आठ दिवसांचं पिल्लू, आणि पावसाळा तोंडावर. ओढ्याकाठचं बीळ मिळालं तेव्हा ती वानराच्या पाया पडायचीच बाकी राहिली. डुकरानं बीळ लख्ख केलं. तिनं आत गवत अंथरलं, कंद रचले, पिल्लाला कोपऱ्यात निजवलं.

दुसऱ्या दिवशी ती पिल्लाला घेऊन पाण्यावर गेली. परत येते तर गवत नाही, कंद नाहीत. तिला वाटलं, चोरी झाली. बिचारीनं पुन्हा सगळं जमवलं. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी पिल्लू गाढ झोपलं होतं, म्हणून ती त्याला आत ठेवून गेली.

परतली तेव्हा डुक्कर बिळाबाहेर अंग झटकत होतं. पिल्लू कचऱ्याच्या ढिगात थरथरत पडलं होतं.

"दादा, हे माझं लेकरू आहे," साळूबाई म्हणाली.

"असेल, बाई. पण वर 'नवीन' लावलंय. नव्या बिळात जे सापडतं ते जुनंच असतं."

ती वानराकडे गेली. आपलं काम चिकटवण्यापुरतं, असं म्हणून त्यानं कानावर हात ठेवले. मग ती खात्याचे मुख्य तरससाहेब यांच्याकडे गेली. पान काढायला हवं हे साहेबांना मनापासून पटलं. पण ते काढण्याची जागा खात्यात मंजूर नव्हती. तोवर तिनं पिल्लू बाहेरच ठेवावं, असं त्यांनी प्रेमानं सुचवलं.

साळूबाई घरी आली आणि तिनं ते पान ओरबाडून चावून खाल्लं. जन्मात पहिल्यांदाच तिला एवढा राग आला होता.

सकाळी तरससाहेब स्वतः दारात हजर.

"पान कुठाय?"

"काढलं, साहेब. आता मी राहते इथं."

"पान नाही म्हणजे बीळ जुनं. जुन्या बिळात आधीचं कोणीतरी राहतं. तुला दिलंय ते नवीन. मग दुसऱ्याच्या घरात तू काय करतेस?"

तो दुसरा कोण, असं तिनं विचारलं. ते त्याचं त्यानं सांगावं, साहेब म्हणाले. आजवर तो तक्रार घेऊन आला नाही, म्हणजे सज्जनच असणार.

साळूबाई पिल्लाला तोंडात धरून उघड्या खडकावर जाऊन बसली. आभाळ भरून आलं होतं. वाईट वाटतंय ना, मुलांनो? नसेल वाटत, तर तुम्हाला खात्यात जागा नक्की आहे.

वर्षअखेरीस सिंहमहाराज पाहणीला आले. एकूण एक बीळ लख्ख. आत काडी नाही, केस नाही, राहणारंही कोणी नाही. महाराज खूष झाले.

"एवढी बिळं वाटली, आणि तक्रार एकही नाही?"

तरससाहेबांनी नम्रपणे मान खाली घातली. "महाराज, तक्रार लिहायला आधी पत्ता लागतो."

तात्पर्य : घर मिळालं तर देवाचे आभार मानावेत, त्यात राहायला जाण्याचा आगाऊपणा करू नये.