तात्यांच्या घरी दुजाभाव नाही

रंगनाथतात्यांचं डोकं दुखलं, की आमच्या अख्ख्या गल्लीला गोळी खावी लागायची.

मी फुगवून सांगत नाही. बदली होऊन टेंभुर्णीच्या शाळेत आलो, त्याच आठवड्यात शेजारचे तात्या ओट्यावर बसून अडकित्त्यानं काहीतरी कातरत होते. मला वाटलं सुपारी. मी आपला हात पुढे केला. त्यांनी त्यावर पांढरा तुकडा ठेवला, मी तो तोंडात टाकला आणि तोंड कडूजहर झालं.

"तात्या, ही कसली सुपारी?"

"सुपारी न्हाई हो गुरुजी, डोक्याची गोळी हाय. सकाळधरून डोकं दुखून राह्यलं माझं."

"मग तुम्ही खा की! मला कशाला?"

"मंग काय एकट्यानंच खाऊ? आपल्या घरात दुजाभाव चालत न्हाई."

त्यानंतर माझं डोकं खरंच दुखायला लागलं.

तात्यांच्या वडिलांची मेंढरं होती. तात्यांकडे आता डझनभर शेळ्या आणि शेताचा एक तुकडा. पण वाटणीचं वेड असं, की कपभर चहा असला तरी समोर माणसं असतील तेवढ्या बशा मांडायचे आणि घोटघोट ओतायचे. पाहुण्यानं कौतुकानं एका शेळीला पाला दिला, तर बाकीच्यांना दिल्याशिवाय त्याला एसटीला जाऊ द्यायचे नाहीत. आमच्या हिनं एकदा त्यांना पुरणाची पोळी पाठवली, तर अर्धी परत आली. ही आठवडाभर विचारत होती, पोळीत काय बिघडलं होतं म्हणून.

चीजचा उद्योगही असाच वाटणीतून सुरू झाला. पुण्याहून कुणी बाई बचत गटाला शेळीच्या दुधाचं चीज शिकवायला आल्या होत्या. गटातल्या बायका चहा पिऊन घरी गेल्या. कौसाबाई, म्हणजे तात्यांची बायको, तेवढ्या टिकल्या. आणि बायकोनं शिकायचं तर आपणही शिकायचं, म्हणून तात्याही फेटा सावरत तिच्या शेजारी बसले. दोघांनी मिळून मागच्या अंधाऱ्या खोलीत फळ्या मांडल्या, दारावर ओलं गोणपाट लावलं आणि कच्च्या दुधाच्या चकत्या मुरवायला ठेवल्या. पहिल्या महिन्यात वास असा सुटला, की गल्लीतल्या लोकांनी मेलेला उंदीर शोधायला माळे उपसले. पण चव! मी आधी नाक दाबून खाल्लं, मग नाक सोडून खाल्लं.

दूध तापवायचं नाव काढलं की तात्या भडकायचे. "तापवलं की मेलं ते! कच्च्या दुधात जान असती, गुरुजी."

जान होती, हे बाकी खरं. कसली, ते पुढं कळलं.

मागच्या साली कौसाबाई झोपेतच गेल्या. तात्या महिनाभर मागच्या खोलीकडं फिरकले नाहीत. आम्हाला वाटलं, चीज बंद पडणार. पण एके दिवशी भिंतीपलीकडून पुन्हा तो वास आला आणि आमच्या हिनं, आयुष्यात पहिल्यांदाच, त्या वासाला बरं म्हटलं. "तिचं चालू केल्यालं हाय, बंद कसं करू?" एवढंच तात्या बोलले. त्यांनी चीज जालन्याला नेलं. तिथल्या मस्तगड भागातल्या एका दुकानदाराला ते आवडलं, पण तो म्हणाला, आधी तपासून आणा, मगच दुकानात ठेवीन.

तपासणी झाली. चीजमध्ये जंतू निघाले आणि तेही साधेसुधे नाहीत. नेहमीच्या औषधांना भीक न घालणारे.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई स्वतः घरी आल्या. तात्यांनी मध्यस्थीला मला बोलावून घेतलं. बाईंनी विचारलं, "तुमच्या चंद्री शेळीची कास सुजली होती तेव्हा मी गोळ्या दिल्या होत्या. सगळ्या दिल्यात ना तिला?"

"दिल्या की. बराबर दिल्या."

"बरोबर म्हणजे कशा?"

"अडकित्त्यानं बारीक केल्या, भरड्यात कालवल्या आन् बाराही जणींला वाटल्या."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो तात्या, आजारी एकटी चंद्री होती!"

"हाव. पण तिलाच दिलं तर बाकीच्या काय म्हणतीन?"

"आणि असं किती वेळा केलंत?"

"जवा जवा तुम्ही गोळ्या दिल्या तवा तवा."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी शाळामास्तर, समजावून सांगणं माझं काम. म्हटलं, "तात्या, मी वर्गात पोरांवर अर्धवट रागावतो. भित्री गप्प बसतात, पण वांड असतात ती निगरगट्ट होतात आणि मग कितीही ओरडा, ऐकत नाहीत. जंतूंचं तसंच आहे. थोडं थोडं औषध दिलंत, लेचेपेचे मेले आणि दांडगे तेवढे उरले."

तात्यांनी चंद्रीच्या पाठीवर हात फिरवला. "म्हंजी माझ्या वाटणीनंच बिघडलं म्हणा की," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

बाईंनी सांगितलं, तयार माल पुरून टाका. आजारी शेळीला पुरं औषध द्या, तिचं दूध मी सांगेपर्यंत वापरू नका. आणि इथून पुढं चीजचं दूध तापवायचं म्हणजे तापवायचं. तात्यांनी खड्डा खणला, चकत्या टाकल्या आणि गल्लीतल्या प्रत्येकाला माती लोटायला बोलावलं. तिथंही दुजाभाव नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. या सगळ्या गडबडीत तात्यांच्या पायाला जखम होती. काट्याची. बरी व्हायची आणि पुन्हा चिघळायची. मीच त्यांना मोटारसायकलवर घालून जालन्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, साध्या गोळ्या आता यांना लागू पडत नाहीत. ही भारी गोळी सकाळ-संध्याकाळ अख्खी खायची. हयगय झाली तर पाय वाचणार नाही.

मी गल्लीत बजावून आलो, तात्यांनी गोळी दिली तर खबरदार कुणी घ्याल तर. कुणी घेतलीही नाही. तरी पायाची सूज उतरेना.

एका दुपारी शाळेतून परस्पर त्यांच्याकडे गेलो. तात्या पाठमोरे बसले होते. अडकित्ता कटकन वाजला. अर्धी गोळी त्यांनी तोंडात टाकली आणि अर्धी कौसाबाईंच्या फोटोपुढं ठेवली. तिथं आधीच अर्ध्या गोळ्यांची रांग होती.

माझं डोकंच फिरलं. "तात्या! पाय कापून घ्यायचाय का? शेळ्यांचं बघूनही अक्कल आली नाही?"

तात्यांनी वळून पाहिलं. चिडले नाहीत.

"गुरुजी, लग्न झालं तवा मला हिवताप आल्ता. गोळी लई कडू. मी खाईना. मंग कौसानं ह्या अडकित्त्यानं अर्धी केली आन् माझ्यासमोर खाल्ली. म्हणली, कडू लागल तर दोघांला लागल. तवापासून कवाच अख्खी खाल्ली न्हाई मी." त्यांनी फोटोकडं बघितलं. "आता अख्खी खायची म्हंजी ती न्हाईच, असं होतंय."

माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. मी खाली बसलो. म्हणालो, "तात्या, कौसामावशी असत्या तर आज तुम्हाला अख्खीच खायला लावली असती."

"हाव," तात्या म्हणाले. "शिव्या घालून."

त्यांनी अडकित्ता फडक्यात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "तुमच्याकडं राहू द्या. माझा भरवसा न्हाई."

संध्याकाळी पुन्हा गेलो. तात्या पाकिटातली अख्खी गोळी तळहातावर घेऊन माझी वाट बघत बसले होते. समोर पाण्याचे दोन पेले भरलेले होते.

"बसा गुरुजी. गोळी तुम्हाला देत न्हाई, बिलकुल देत न्हाई. पण पाणी तरी घ्या माझ्यासंगं."

त्यांनी गोळी गिळली. मी पेला उचलला आणि माझ्या वाट्याचं पाणी पिऊन टाकलं.