हिरव्या पुड्यातली हवा

यातला एक शब्द जरी खरा मानून दाखवलास ना, तर माझ्या हातच्या मुळ्याच्या वड्या खायला घालीन तुला. बस इथे.

आमचा म्हातारा, बून-ह्योंग, देवळाच्या मिरवणुकीचं शूटिंग करतो. मिरवणूक रविवारी, आणि कम्प्युटर गच्च भरलेला. मुंगी शिरायला जागा नाही. म्हातारा सकाळपासून फायली उडवत बसला. एकेक गोष्ट दोनदोनदा साठवलेली (माणूसच तसा, घरात छत्र्या अकरा). सगळ्यात जाडजूड फोल्डरला मात्र हात लावेना.

"हे उडव की!"

"ते नाही."

"काय आहे त्यात? नाचाच्या क्लासातली ती च्यू बाई?"

"म्हातारे, तू जा, मटार सोल."

मग त्यानं ते डिफ्रॅग लावलं. म्हणजे आत फायलींचे तुकडे कुठेकुठे सांडलेले असतात, ते गोळा करून ओळीनं लावायचे. मी मोज्यांचा खण आवरते तसं. "मधे बंद पडलं तर सगळं गेलं," म्हणाला, आणि मशीनवर खोबऱ्याच्या खाऊचा हिरवा पुडा ठेवला. आमच्याकडे ठेवतातच, बँकेत, इस्पितळात, सगळीकडे. हिरवा पुडा असला की मशीन शहाण्यासारखं वागतं. पिवळा चालत नाही, शिळा चालत नाही, आणि फोडून खाल्लेला तर मुळीच नाही.

मी खाल्ला.

(अगं, तीन तास चालणार होतं ते! मी काय नुसते मटार सोलायचे?) मग पुड्यात हवा फुंकली, तोंड भाताच्या शितांनी चिकटवलं आणि होता तसा ठेवला. देवसुद्धा फसला असता. पण मशीनचा पंखा घुर्र करून उठला आणि माझा पुडा उडाला तो थेट म्हाताऱ्याच्या चहात.

त्यानं पुडा हलवून पाहिला. मग पडद्याकडे पाहिलं. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी सदतीस टक्क्यांवर अडकलेली.

"तू खाल्लास?"

"उंदरानं खाल्ला असेल."

"आणि शितं लावून चिकटवला?"

मी हसणार होते, पण त्याचा आवाजच फाटला. "ते फोल्डर गेलं आता," म्हणाला आणि डोळे पुसायला लागला. माझी मस्करी तिथेच जिरली. चपला उलट्या घालून कोपऱ्यावरच्या दुकानात पळाले, चार हिरवे पुडे आणले, मशीनभोवती मांडले आणि हात जोडून माफी मागितली. मशीनची! लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, याची कधी मागितली नाही.

पट्टी हलली. अडतीस.

संध्याकाळी सगळं आवरून झालं, तेव्हा म्हाताऱ्यानं ते फोल्डर उघडलं. आत मी! माइक धरून गाणारी. गेल्या वीस वर्षांत जिथे जिथे गायले, तिथलं सगळं. मला बाई भरूनच आलं.

"इतकं आवडतं होय रे तुला माझं गाणं?"

"तू बहिणीकडे गेलीस की लावतो," तो खाली बघत म्हणाला. "घर भरल्यासारखं वाटतं. आणि उंदीर महिनाभर फिरकत नाहीत. म्हणून तर कळलं मला, पुडा उंदरानं खाल्लेला नाही."

हसतेस काय! ऊठ, जा आता घरी. आणि हात काढ त्या पुड्यावरून, मशीन चालू आहे.