भिंगरीला पाचवं लागलं

"खरेदी चुकली, असं माझ्या बाबतीत आजवर झालेलं नाही आणि पुढेही होणार नाही," असं तक्तेसाहेबांनी रविवारी सकाळी साडेनऊ वाजता, चहाचा कप हातात धरून जाहीर केलं. सभेला बायको आणि मुलगी हजर होत्या. मुलगी टेबलाखाली हजर होती.

तक्तेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका मोठ्या कार्यालयात खरेदी विभागाचे प्रमुख होते. टाचणीपासून जनरेटरपर्यंत कुठलीही वस्तू तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय घ्यायची नाही, हा त्यांचा बाणा. त्यामुळे हाताखालच्या लोकांनी त्यांच्या पाठीमागे हे नाव ठेवलं, आणि ते हळूहळू पुढून आत आलं.

"चारशे खुर्च्या घेतल्या, दोन लिफ्ट घेतल्या. एक तरी परत करावी लागली? मग क्रूझ म्हणजे काय? आडवी जाणारी लिफ्ट!"

"त्याच लिफ्टमध्ये मागच्या महिन्यात पाऊण तास अडकला होतात तुम्ही," बायको म्हणाली.

"अडकलो होतो. परत केली नव्हती."

बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत पाळीने काम करायची. मुलगी झाल्यापासून ती एकदाही दुपारची झोपली नव्हती, आणि रात्रीची झोप तिला तुकड्यातुकड्यांत मिळायची. या वर्षी पहिल्यांदाच तिची आठ दिवसांची सलग रजा मंजूर झाली होती. ती पुढे ढकलता येणार नव्हती.

"हे बघा," ती म्हणाली, "मला सूर्यास्त नको, नाचगाणी नकोत, डॉल्फिन तर अजिबात नकोत. मला रोज दुपारी दोन ते चार झोपायचंय. तेवढा वेळ भिंगरीला कोणीतरी सांभाळायचं. कोणीही. फक्त तुम्ही नाही."

"मी का नाही?"

"मागच्या खेपेला तुम्ही सांभाळत होतात, तेव्हा माझा डोळा लागायच्या आतच ती मला उठवायला आली होती. बाबा झोपले म्हणून सांगायला."

"घोरत होते," टेबलाखालून दुजोरा मिळाला.

बायकोची मागणी रीतसर नोंदवून घेण्यात आली. अकरा जहाजांच्या तक्त्यात तिला अठ्ठेचाळिसावा रकाना मिळाला. त्याच्या आधी जीवरक्षक जाकिटांची संख्या, जिन्याची उंची, टॉवेलची लांबी आणि भोंग्याचा आवाज यांचे रकाने होते. टॉवेलला पाच गुण होते, झोपेला दोन.

पुढचे तीन रविवार तक्ता भरण्यात गेले. तिसऱ्या रविवारी निकाल लागला. शंभरपैकी एक्क्याण्णव गुण मिळवून एक जहाज पहिलं आलं. गर्दी नाही, गोंगाट नाही, जेवणाच्या रांगा नाहीत, आजवर एकाही प्रवाशाची तक्रार नाही. बायकोने सहज म्हणून फोन केला, तर त्या जहाजावरून सिमेंटची पोती जात होती.

"तुम्ही यादी आणली कुठून?"

"बंदरावरून. सगळ्या जहाजांची आणली. निवड कशी खुली हवी." तक्तेसाहेबांनी तक्त्यातल्या पहिल्या नंबरावर काट मारली. "गुण मात्र खोटे नाहीत हां."

दुसरं आलेलं जहाज माणसांचं होतं. त्यावर मुलांसाठी बालविहार होता आणि बालविहाराची सोळा पानी नियमावली होती. तीनपासून पाच पूर्ण होईपर्यंतची मुलं 'अंकुर' गटात. त्यांना दुपारी दोन ते चार सक्तीची झोप. पाच ते आठ वयाची मुलं 'भरारी' गटात. त्यांना दुपारी दोन ते चार कौटुंबिक आनंद, म्हणजे घड्या घातलेल्या रुमालांचे ससे करणं, पोत्यात पाय घालून पळणं वगैरे. या आनंदाला आईची उपस्थिती अनिवार्य होती.

'सक्तीची झोप' हे शब्द बायकोने तीनदा वाचले. तिचे डोळे भरून आले.

"अहो, हेच. बाकी टॉवेल फाटके असले तरी चालतील."

सोमवारी तक्तेसाहेबांनी कार्यालयातूनच फॉर्म भरायला घेतला. जन्मतारीख ही खासगी बाब असल्यामुळे कंपनी ती विचारत नसे, फक्त वय विचारत असे. इथे तक्तेसाहेब अडले. कार्यालयातली प्रत्येक खुर्ची कोणत्या तारखेला आली हे त्यांना पाठ होतं. मुलगी खरेदी विभागामार्फत आलेली नव्हती. बायको प्रयोगशाळेत, हातात मोजे, फोन घेईना. मग त्यांनी सासूबाईंना फोन लावला.

"आई, भिंगरीला कितवं?"

"अहो, असं काय करता? मागच्याच महिन्यात पाचवं लागलं! फुगे फुगवताना चक्कर नव्हती का आली तुम्हाला?"

तक्तेसाहेबांनी आभार मानले आणि रकान्यात पाच लिहिलं.

संध्याकाळी बायको हात धुऊन आली आणि मोबाइलवर आलेली पावती वाचता वाचता मध्येच थांबली.

"अहो, हे 'भरारी' काय लिहिलंय?"

"गट. पाचवं लागलंय ना तिला?"

"लागलंय! लागलंय म्हणजे झालंय का? पाचवं लागलं म्हणजे चार पूर्ण झाली!"

"मग आईंनी चार का नाही सांगितलं?"

"कारण सगळं जग असंच सांगतं! उद्या तुम्हाला कोणी म्हणालं, मला नववा लागलाय, तर तुम्ही बाळ बघायला जाल?"

साहाय्य कक्षात फोन लावण्यात आला. पंचवीस मिनिटं सनई ऐकवल्यावर एक गोड आवाज आला.

"बोला सर, मी काय सेवा करू?"

"ताई, मुलीचं वय चुकून पाच पडलंय. चार करायचंय."

"सर, वय वाढवायची सोय आहे. कमी करायची नाही. आमच्याकडे आजवर कोणाचंच वय कमी झालेलं नाही."

"अहो, पण तिला मागच्याच महिन्यात चार पूर्ण झाली!"

"काळजी करू नका सर. अकरा महिने थांबलात तर नोंद आपोआप बरोबर होईल."

"प्रवास तीन आठवड्यांवर आलाय!"

"मग त्या दिवशी नोंद बरोबरच असेल सर. मुलगी थोडी मागे असेल."

तक्तेसाहेबांनी फोनवर हात ठेवून बायकोकडे बघितलं. ती सोफ्यावर बसल्या बसल्या, उघड्या डोळ्यांनी रुमालाचे ससे बघत होती.

"काहीतरी मार्ग असेलच ना ताई?"

"आहे ना सर. चार वर्षांची नवी मुलगी जोडायची आणि जुनी रद्द करायची."

नवी मुलगी दोन मिनिटांत जोडून झाली. एकाच नावाच्या दोन मुली संगणक घेईना, म्हणून पहिली शाळेतल्या नावाने तशीच ठेवून नवी 'भिंगरी' या नावाने भरली. जुनी रद्द करताना मात्र कारण द्यावं लागत होतं आणि कारणं तीनच होती: गंभीर आजार, मृत्यू किंवा परीक्षा. पहिली दोन लिहायला हात धजेना. तिसऱ्याला शाळेचं पत्र लागत होतं, आणि भिंगरीच्या शाळेत अजून फक्त मातीचे गोळे करत.

"राहू द्या," तक्तेसाहेब शेवटी म्हणाले. "खरेदीत थोडा जादा माल मागवतातच. वापरला नाही तर नाही."

टेबलाखालून डोकं बाहेर आलं. "बाबा, मला ताई आहे?"

"कागदावर आहे."

"ती कागदावर झोपते?"

"हो."

"मग तिला पांघरूण?"

भिंगरीने त्या रात्री ताईसाठी उशीची अर्धी बाजू मोकळी सोडली, आणि पहाटे दोनदा आईला उठवून ताईला शू लागल्याचं कळवलं.

जहाज सुटण्याच्या दिवशी सकाळी दहा वाजता तिघं बंदरावर रांगेत उभी राहिली. दारावरच्या कारकुनाने यादी बघितली, मग माणसं बघितली, मग पुन्हा यादी.

"दोन मुली आहेत."

"एकच आलीय," तक्तेसाहेब म्हणाले.

"ही कुठली?"

"धाकटी."

"मग मोठी?"

"मोठीही हीच."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "साहेब, कुटुंब अपुरं असेल तर चढवता येत नाही. मागे एकदा एक आजोबा बंदरावरच राहिले होते. तेव्हापासून आम्ही मोजून घेतो."

"अहो, पण ते आजोबा खरे होते!"

"तेच म्हणतोय मी. माणूस खरा असून राहिला. तुमची मुलगी तर यादीत आहे."

मागून रांग कुरकुरायला लागली. कोणीतरी "घरातून निघताना पोरं मोजायला काय होतं या लोकांना" असं पुरेशा मोठ्याने म्हणालं. बायकोने घड्याळात बघितलं. दोन वाजायला चार तास होते. तिने कारकुनाकडून धाकटीच्या नावापुढे शिक्का मारून घेतला, भिंगरीचा हात धरला, खांबाआड नेऊन तिची टोपी काढली, दोन शेंड्या सोडून एक केली आणि पलीकडून परत आणली.

"ही घ्या मोठी. नळावर पाणी प्यायला गेली होती."

कारकुनाने निरखून बघितलं. "ही आईवर गेलीय. धाकटी साफ बापावर आहे."

"सगळे तेच म्हणतात," बायको म्हणाली.

शिक्का बसला. कुटुंब पूर्ण झालं.

दोन वाजता भिंगरीला अंकुर गटात पोचवण्यात आलं. दोन वाजून चार मिनिटांनी ती नियमाप्रमाणे झोपली. बायको खोलीत आली, दारावर 'कृपया त्रास देऊ नये' ही पाटी अडकवली, कानात कापसाचे बोळे घातले आणि दोन वाजून सात मिनिटांनी, चार वर्षं पावणेदोन महिन्यांनंतर, दुपारची झोपली.

सव्वादोनला भरारी गटाची हजेरी झाली. एक मुलगी गैरहजर होती. अनिवार्य आईही गैरहजर होती. पाच वर्षांची मुलगी जहाजावर बेपत्ता, अशी घोषणा ध्वनिक्षेपकावरून तीनदा झाली. कापूस चांगला असल्यामुळे ती खोलीत पोचली नाही. तक्तेसाहेबांना मात्र ती ऐकू आली. ते त्या वेळी टॉवेलांच्या कोठीत फूटपट्टी घेऊन उभे होते.

ते धावत अंकुर गटात गेले आणि झोपलेल्या मुलीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही काय! सापडली!"

कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, भिंगरीला अलगद उचललं, भरारी गटात नेऊन बसवलं आणि तिच्या नावापुढे खूण केली. पाच मिनिटांनी अंकुर गटात मोजणी झाली. चार वर्षांची मुलगी बेपत्ता होती. दुसरी घोषणा झाली. भिंगरीला परत आणण्यात आलं. त्याबरोबर भरारी गटात एक कमी भरली. पावणेतीनपर्यंत तिची पाच वेळा नेआण झाली, आणि प्रत्येक नव्या खांद्यावर चढताना ती आनंदाने विचारत होती, "आता मी कोण?"

तिसऱ्या घोषणेनंतर बऱ्याच आईबापांनी आपापली मुलं छातीशी धरली. सहाव्या घोषणेनंतर कप्तानाने जहाज थांबवलं आणि तक्तेसाहेबांना वर बोलावलं.

"साहेब, एक सरळ उत्तर द्या. तुम्हाला मुली किती?"

"एक."

"नोंदीत दोन आहेत."

"नोंद चुकलीय."

"कोणी भरली?"

तक्तेसाहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर समुद्र होता आणि त्यात मदतीला येईल असं काहीही नव्हतं. चारशे खुर्च्या आणि दोन लिफ्ट त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या.

"नोंद बरोबर आहे," ते म्हणाले.

"मग तुमची एक मुलगी समुद्रात पडलीय."

"नोंद चुकलीय," ते घाईने म्हणाले.

"एकदा बरोबर, एकदा चूक. आम्ही धरायचं काय? माणूस कमी भरला की जहाज बंदरावर परत न्यायचं आणि त्या कुटुंबाला चौकशीला उतरवायचं, हा नियम आहे."

जहाज वळलं. बंदर जवळच होतं. तक्तेसाहेब बायकोला उठवायला खोलीकडे आले. दारावर पाटी होती. त्यांनी टकटक करायला हात उचलला, पाटी वाचली, पुन्हा वाचली आणि हात खाली घेतला. तक्ता न करता घेतलेला हा त्यांच्या आयुष्यातला पहिला निर्णय. मग भिंगरीला कडेवर घेऊन ते खाली उतरले. शिडीवरच्या शिपायाने वहीत लिहिलं, 'कुटुंब, नग एक, उतरवलं. खोली रिकामी.'

ज्यांच्या घरातली माणसं आणि कागदावरची माणसं पहिल्याच मोजणीत जुळतात, त्यांनी या बापाला खुशाल हसावं. फक्त हसण्याआधी एकदा मोजून घ्यावं.

बंदरावरच्या कार्यालयात नवा फॉर्म होता. तिथल्या बाईंचा मोठ्या माणसांवर विश्वास नव्हता. त्यांनी पेन उघडलं आणि थेट भिंगरीला विचारलं, "बाळा, तुम्ही बहिणी किती?"

"दोन," भिंगरी म्हणाली. "मी आणि ताई. ताईला पोहता येत नाही."

शोधासाठी तीन बोटी पाठवण्यात आल्या.

खोली रिकामी असल्याची नोंद असल्यामुळे तिकडे कोणी फिरकलं नाही. बायको साडेसहाला जागी झाली. तोवर जहाज बंदरापासून एकोणीस सागरी मैल पुढे गेलं होतं. तिने घड्याळ बघितलं, रिकाम्या खोलीकडे बघितलं आणि कूस बदलली.