एक्स्चेंजपासून घर किती दूर?

लेकीसाठी स्थळ पाहायला गेलेला बाप शेती विचारतो, नोकरी विचारतो. आमचे शेजारी डिगांबरकाका विचारत, "टेलिफोन एक्स्चेंजपासून घर किती दूर हाय?"

काका वाशीमला टेलिफोनचे लाईनमन होते. निवृत्त झाले तरी तांब्याच्या तारेवरचा जीव काही कमी झाला नाही. बोट ओलं करून तारेला लावायचे आणि झटका बसला की समाधानाने म्हणायचे, "जित्ती हाय."

माझ्या घरी फोनच्याच तारेवर नेट आलं तेव्हा तासभर समजावत बसले. "पाहा सर, बोलनं जाते खालच्या सुरात, नेट जाते वरच्या सुरात. तार एकच, पन एकाचा दुसऱ्याले धक्का नाही. मोडेम आधी सारे सूर तपासते. जिथं खरखर तिथं कमी माल भरते, जिथं साफ तिथं जास्त. पन तार लांबली का वरचे सूर वाटेतच मरतात."

या शेवटच्या वाक्यापायी त्यांच्या लेकीची, सुषमाची, तीन स्थळं गेली.

चौथं अनसिंगचं; ते पाहायला काकांना मीच स्कूटरवर नेलं. मुलगा कृषी केंद्र चालवणारा, सरळ स्वभावाचा आणि मुख्य म्हणजे सुषमाला पसंत. घर मात्र शेतात. पोहे खाता खाता काकांनी प्रश्न टाकलाच.

"साडेचार किलोमीटर असंन," मुलाचे वडील म्हणाले.

काकांनी बशी खाली ठेवली. "मंग नाही जमत."

परतताना मी स्कूटर बाजूला घेतली. मला खरंच राग आला होता. "काका, पोरीला मुलगा आवडलाय. आता घरोघरी मोबाइल आहेत. तारेसाठी कशाला तिचं लग्न मोडता?"

"मोबाइलची रेंज आभायाच्या मर्जीवर. तार आपल्या हातात राह्यते."

मग रस्त्याकडेच्या तुरीकडे पाहत ते सांगू लागले.

"मोबाइल नव्हते तवाची गोष्ट. माही बहीण मेडशीले देली होती. तिथली लाईन माह्याकडंच. बंद पडल्याची तक्रार आली, तं म्या म्हनलं, उद्या पाहू. त्याच आठवड्यात ती गेली. मले चौथ्या रोजी समजलं. तवर मातीही होऊन गेली होती."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी स्कूटर पुन्हा अनसिंगकडे वळवली. काकांनीही अडवलं नाही.

मुलगा दारातच भेटला. काकांनी या वेळी अंतर विचारलं नाही.

"सुषमाचा फोन लागला नाही, तं त्याच दिवशी मले सांगाले याल काय?"

मुलगा म्हणाला, "सांगाले कायले मामा, तिलेच घेऊन येईन."

काका तिथेच पायरीवर बसले. म्हणाले, "मघाचे पोहे राह्यलेच माहे, आना."