यंत्र सुरू न होण्याची सतरा कारणे

कोणतेही यंत्र सुरू न होण्यामागे कारण असते, आणि ते कारण सांगण्याची एक योग्य वेळ असते. ही वेळ सर्वसाधारणपणे दोरीच्या तिसऱ्या हिसक्याबरोबर संपते.

वसाहतीने गवत कापायचे पेट्रोलचे यंत्र आणले, तेव्हा माळीमामांची ती वेळ चुकली. बावीस वर्षे ज्या विळ्याने त्यांनी मैदान राखले, तो विळा कार्यालयात सन्मानपूर्वक जमा करून घेण्यात आला होता. उद्घाटनाला वसाहतीचे अध्यक्ष, म्हणजे निवृत्त मुख्य अभियंता साहेब, स्वतः दोरी ओढायला सरसावले. मुठीवरचे लाल बटण 'बंद'कडे आहे, हे मामांना पहिल्याच हिसक्याला दिसले. पण तेव्हा टाळ्या चालू होत्या. मग साहेबांना धाप लागली. बघता बघता चाळीस हिसके झाले, आणि चाळीस हिसके मारलेल्या मुख्य अभियंत्याला बटण दाखवणे म्हणजे चारचौघांत त्यांचा पाणउतारा करणे.

"अहो, मग सांगून टाकायचं ना!" घरी मामी म्हणाल्या.

"तिसऱ्याला सांगायचं होतं गं. आता सांगितलं तर म्हणतील, इतका वेळ मजा बघत उभा होतास काय?"

यानंतर दोषनिवारण उपसमिती नेमण्यात आली. तिने पेट्रोल बदलले, त्यातल्या ऑइलचे प्रमाण तीनदा मोजले, प्लग काढून पुसला, एअर फिल्टर साबणाने धुऊन गॅलरीत वाळत घातला (तो खाली पडल्याने पुन्हा धुतला). तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी आपल्या हत्यारांनी कार्ब्युरेटर साफ करून "कीड नाही" असा दाखला दिला. अहवालात संभाव्य कारणे सतरा निघाली. त्यांत 'हवामान' दोनदा होते. गवत मात्र कोणाच्याही मंजुरीवाचून गुडघ्यापर्यंत आले.

मग फळ्यावर सूचना लागली: रविवारच्या सभेपर्यंत गवत न कापल्यास माळीकाम ठेकेदाराकडे देण्यात येईल. मामांनी विळा परत मागितला. यंत्र असताना विळा चालवल्यास यंत्राबद्दल अविश्वास पसरेल, असे उत्तर मिळाले (लेखी, दोन प्रतींत).

शनिवारी मामांनी यंत्र पुसण्याच्या निमित्ताने बटण हळूच 'चालू'कडे सरकवले. आता यंत्र साहेबांच्याच हातून सुरू झाले असते. मान साहेबांचा राहिला असता, नोकरी मामांची. पण साहेब शिस्तीचे. दोरीला हात घालण्यापूर्वी त्यांनी सगळे तपासले आणि लाल बटण पुन्हा जागच्या जागी आणून ठेवले.

"बटणाला हात कोणी लावला?"

मामांनी सगळा धीर गोळा करून तोंड उघडले. बाहेर पडले ते एवढेच: "चुकलं साहेब."

स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

रविवारी मामा 'यंत्र हाताळण्यास अपात्र' ठरले. त्यांनी शेडची किल्ली टेबलावर ठेवली, "येतो" म्हणाले आणि गेले. सोमवारी ठेकेदाराच्या माणसाने बटण सरकवले, एक हिसका दिला आणि यंत्र घरघरू लागले (साहेब कोण, हे त्याला ठाऊक नव्हते). "बघा," साहेब म्हणाले, "यंत्रात दोष नव्हताच. माणूस जाणकार लागतो!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

मामांना काढण्याचा ठराव एकमताने मंजूर झाल्याची नोंद आहे. हात वर करणाऱ्यांपैकी एकोणीस जणांना बटणाचे आधीपासून माहीत होते, असे नंतर उघड झाले. विसावे आपण. आपल्याला तर उद्घाटनापासून माहीत होते, आणि एकदाही आपण हूं की चूं केले नाही. आपण तिथे नव्हतो म्हणाल, तर ते एकोणीस जणही हेच सांगत आहेत.