तोंडाने काढलेला इंजिनाचा आवाज

गाडीचा आजार मला नुसत्या आवाजावरून कळतो. लोक उगाच गॅरेजवाल्यांकडे पळतात!

त्या सकाळी बायकोची बढतीची मुलाखत होती. कडक इस्त्रीचे कपडे घालून, फाइल छातीशी धरून ती गाडीत बसली. मी ऐटीत किल्ली फिरवली. खुर्र-खुर्र-खुर्र! इंजिन फिरलं, पण सुरू काही होईना. पुन्हा फिरवली. पुन्हा खुर्र-खुर्र!

"दुसरी काही सोय बघू का?" बायको म्हणाली.

"अजिबात नाही! इंजिन फिरतंय, म्हणजे बॅटरी ठीक, स्टार्टर ठीक. एक तर पेट्रोल पोचत नाहीये, नाही तर ठिणगी पडत नाहीये. आत्ता सांगतो!"

पेट्रोलचा पंप मागच्या सीटखाली गुणगुणतो. तो ऐकायला मी सीटवर पालथा पडलो आणि तिला किल्ली फिरवायला सांगितली. गुणगुण आली खरी, पण ती पंपाची की माझ्या रिकाम्या पोटाची, हे काही ठरेना. मग बॉनेट उघडून हाताला लागेल ती वायर हलवली. हात कोळशासारखे झाले, गाडी ढिम्म!

शेवटी, केवळ दुसरं मत म्हणून, मेकॅनिकला फोन लावला.

"आता किल्ली फिरवू नका, बॅटरी उतरेल," तो म्हणाला. "आवाज कसा येतो?"

"खुर्र-खुर्र."

"तसं नाही, नीट काढून दाखवा!"

मी बॉनेटखाली वाकलो, डोळे मिटले आणि जीव ओतून इंजिन झालो. "खुर्र्र-खुर्र्र-खुर्र्र!"

"शेवटी आचके देते का?"

मी सर्वांगाने दोन आचके दिले.

नेमक्या तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई गॅलरीत आल्या. "अगं, तुझा नवरा आचके देतोय!" एवढं ओरडून त्यांनी आधी अँब्युलन्सला फोन केला आणि मग खाली धावत आल्या. मी बोट वर करून 'थांबा, फोनवर आहे' अशी खूण केली. त्यांना वाटलं, मी वर बोलावणं आल्याचं सांगतोय! त्यांनी मला जमिनीवर आडवं करून छातीवर असे दोन दणके घातले, की पुढचे आचके अस्सल निघाले.

अँब्युलन्स आली. अटेंडंटने रक्तदाब मोजला. "फार वाढलाय! न्यावंच लागेल."

"अहो, मी ठणठणीत..."

बायको माझ्या कानाशी वाकली. "हॉस्पिटल माझ्या ऑफिसच्या पुढेच आहे. गप पडून राहा!"

मी गप पडून राहिलो. बायको फाइल घेऊन शेजारी बसली आणि आम्ही सायरन वाजवत निघालो. फोन अजून स्पीकरवर चालूच होता.

"साहेब," मेकॅनिक काळजीने म्हणाला, "हा आवाज पण तुमच्या गाडीचाच का?"

"नाही हो!"

"बरं, डॅशबोर्डवर किल्लीचं चित्र लुकलुकत होतं?"

"होतं. मला वाटलं, शोभेचं आहे."

"किल्ली कुठली लावलीत?"

"कालच कोपऱ्यावर नवी करून घेतली. जुनी खुंटीला आहे."

"मग बरोबर. जुनीत चिप असते, हिच्यात नाही. इंजिन फिरतं, पण गाडी तुम्हाला चोर समजते!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. माझा रक्तदाब खरा वाढला तो तेव्हा.

ऑफिसच्या दारात अँब्युलन्स थांबवून ती उतरली आणि वेळेत आत गेली. मला डॉक्टरांनी तपासून, थोडं हसून, घरी पाठवलं.

बढती तिलाच मिळाली! नवरा अँब्युलन्समध्ये असताना मुलाखतीला आलेली बाई म्हणून तिचे साहेब भारावून गेले होते. परवा तर ते घरी मला भेटायला आले. मी पांघरूण घेऊन पडलो होतो.

"बोलायला त्रास होतो का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मी तोंड उघडणार, एवढ्यात बायको म्हणाली, "हो ना. अजिबात बोलायचं नाही, असं सांगितलंय त्यांना."

कोणी सांगितलंय, हे त्यांनी विचारलं नाही. आणि मी सांगणार कसा?